नामिबिया फोटो सफारी: टूरवाल्याने दिलेला कार्यक्रम तपासून द्याल का?

मीरा_बोरिवली

नमस्कार मंडळी. दिवाळीच्या सुट्टीला जोडून नामिबियाची फोटो सफारी करायची आहे. मुंबईतल्याच एका टूरवाल्याने कार्यक्रम पाठवलाय. आगाऊ रक्कम भरण्याआधी जाणकारांनी एकदा नजर टाकावी, ही विनंती.

विंडहूक १ रात्र. सेसरिम (सोसुसव्लेच्या वाळूच्या टेकड्यांच्या पार्कचं प्रवेशद्वार) १ रात्र, लॉज पार्कच्या गेटपासून ३० किलोमीटरवर. स्वाकोपमुंड २ रात्री. मग वाटेत स्पिट्सकोप्पे इथे दुपारचं जेवण आणि फोटो. डमारालँड १ रात्र. एटोशा (राष्ट्रीय उद्यान) ३ रात्री, लॉज अँडरसन गेटच्या बाहेर. शेवटी विंडहूक १ रात्र. एकूण ९ रात्री. आम्ही १० जण, दोन गाड्या, दोन ड्रायव्हर-गाइड आणि एक फोटोग्राफी मार्गदर्शक. विमान मुंबई–अदिस अबाबा–विंडहूक.

माझ्याकडे एक फुल फ्रेम बॉडी, एक जुनी क्रॉप बॉडी, २४-७० एफ २.८ आणि १५०-६०० एवढं आहे. ताडोबा, पेंच, नॅशनल पार्क यांची सवय आहे, वाळवंटाची नाही. विचारायचंय ते असं: कार्यक्रम बरोबर आहे का? अजून कोणती लेन्स लागेल? धुळीपासून कॅमेरा कसा जपायचा? आणि कागदपत्रांत काही अडचण येते का?

वाळवंटी_वाट

मीराताई, पैसे भरू नका अजून. ठिकाणं सगळी चांगली निवडली आहेत, पण मुक्काम चुकीच्या जागी आहेत. फोटोच्या टूरमध्ये रात्री कुठे झोपता यावरच सकाळी काय मिळणार ते ठरतं.

सोसुसव्लेचं गणित बघा. सेसरिमला दोन गेटं आहेत. बाहेरचं गेट सूर्योदयाला उघडतं आणि सूर्यास्ताला बंद होतं. पार्कच्या आत राहणाऱ्यांसाठी आतलं गेट सूर्योदयाच्या सुमारे तासभर आधी उघडतं, आणि संध्याकाळीही त्यांना साधारण तेवढीच सवलत असते. सेसरिमपासून डांबरी रस्ता ६० किलोमीटर. वेगमर्यादा पाळली तर त्यालाच तास जातो. पुढे चार-पाच किलोमीटर खोल वाळू, तिथे फोर बाय फोरच लागते. मग पायी किलोमीटरभर चाललं की डेडव्ले. तिथल्या ज्या फोटोसाठी लोक एवढ्या लांब जातात (काळी वाळलेली झाडं, मागे केशरी भिंत, खाली पांढरी माती), तो ऊन टेकडीवर पडलेलं असताना आणि तळ अजून सावलीत असतानाच मिळतो. पूर्वेच्या टेकड्या उंच आहेत, म्हणून सूर्य उगवल्यावरही तळावर थोडा वेळ सावली राहते. आतून निघालेला माणूस ती गाठतो. बाहेरच्या लॉजवरून येणारा गेटवरच्या रांगेतून सुटून पोचेपर्यंत तळावर ऊन आलेलं असतं आणि झाडांखाली पर्यटकांची गर्दी झालेली असते. ३० किलोमीटरवरचं लॉज कितीही सुंदर असलं तरी ह्या कामाला निरुपयोगी.

आत राहायचे पर्याय मोजके: सरकारी सेसरिम कॅम्पसाइट, सोसुस ड्यून लॉज आणि डेड व्हॅली लॉज. लवकर भरतात. एवढ्या माणसांची सोय हवी तर बरेच महिने आधी धरावी लागते. तिथे दोन रात्री घ्या, म्हणजे दोन पहाटा हाताशी येतात. पहिली डेडव्लेला. दुसरी ड्यून ४५ ला, म्हणजे सेसरिमपासून ४५ व्या किलोमीटरवरच्या टेकडीला. संध्याकाळी एलिम ड्यून, ती गेटच्या जवळ आहे, परतताना धावपळ होत नाही. बिग डॅडी ही डेडव्लेजवळची टेकडी सव्वातीनशे मीटर उंच आहे, चढायला दीड-दोन तास सहज लागतात. ज्या सकाळी डेडव्लेचे फोटो काढायचे त्याच सकाळी ती चढू नका, दोन्ही अर्धवट होतं.

एटोशाचंही तेच. पार्कची गेटं सूर्योदय ते सूर्यास्त. बाहेर राहिलात तर संध्याकाळचा सोनेरी उजेड गेटकडे परतण्यात जातो. ओकाउकुएयो अँडरसन गेटपासून १७-१८ किलोमीटर आत आहे. त्या कॅम्पला लागूनच पाणवठा, त्यावर रात्रभर दिवे, आणि कुंपणाच्या अलीकडे बसायला बाकं. काळा गेंडा रात्री पाण्यावर येतो ते बघायला जगात याहून सोपी जागा क्वचितच असेल. बाहेरच्या लॉजवरून हे मिळणारच नाही. ओकाउकुएयो २ रात्री आणि हलाली (पार्कमधलाच दुसरा कॅम्प) १ रात्र असं मागा. हलालीचा मोरिंगा पाणवठा खडकांवरून खाली दिसतो, तिथला कोन वेगळा आहे.

स्पिट्सकोप्पेला जेवणापुरतं थांबणं म्हणजे न थांबणंच. १७२८ मीटरचा ग्रॅनाइट डोंगर भर दुपारी सपाट आणि पांढुरका दिसतो. तो रंग धरतो मावळतीला. तिथल्या दगडी कमानीतून तारे किंवा उगवतीचा फोटो घ्यायचा तर रात्र तिथेच काढावी लागते.

म्हणून ९ रात्रींतच बसवायचं तर असं: विंडहूक १, सेसरिम आत २, स्वाकोपमुंड १, स्पिट्सकोप्पे १, एटोशा आत ३, विंडहूक १. यात डमारालँड गेलं. वाईट वाटेल, पण एका रात्रीचं डमारालँड म्हणजे निव्वळ जुगार.

गाडीबद्दल: पाच प्रवासी एका गाडीत चालतील, पण फक्त छत उघडणारी लांब लँड क्रूझर असेल आणि प्रत्येकाला खिडकी असेल तर. बंद काचेची मिनीबस असेल तर सरळ नाही म्हणा. दोन गाड्यांत एकच मार्गदर्शक असेल तर तो कोणत्या दिवशी कोणत्या गाडीत बसणार तेही लिहून घ्या.

धनेश_मुलुंड

वरचं बहुतेक पटलं, पण डमारालँड सोडायला माझा ठाम विरोध. एटोशातला हत्ती आणि होआनिब, हुआब किंवा उगाबच्या कोरड्या नदीपात्रात चालणारा हत्ती, दोन्ही एकाच जातीचे, पण चित्र पूर्ण वेगळं. मागे लाल बसाल्टचे डोंगर, मध्ये वाळूची नदी, कडेला ॲना झाडांची हिरवी रेघ. वन्यजीव आणि भूदृश्य एकाच चौकटीत हवं असेल तर ते इथे. एटोशाचं मैदान सपाट आहे, तिथे प्राणी मिळतो, देखावा कमी मिळतो.

रात्र वाढवता येत असेल तर डमारालँडला दोन करा. नसेल तर स्वाकोपमुंडची रात्र काढून इथे घाला, पण मग एकाच रात्रीत हत्तींचा माग काढायचा तर ट्वीफेलफोन्टाइनच्या आसपास, आबा-हुआब किंवा हुआबच्या पात्राजवळ राहा. होआनिब फार आत आहे. कळप रोज जागा बदलतो. स्थानिक गाइड सकाळी पावलं आणि ताजं शेण बघून पात्र ठरवतो, म्हणून डमारालँडपुरता तरी तिथलाच माणूस हवा. ट्वीफेलफोन्टाइनची खडकात कोरलेली चित्रं २००७ पासून जागतिक वारसा यादीत आहेत. ती दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात उठावदार दिसत नाहीत, तिरप्या उजेडात कोरीव रेषा उठतात.

आणि एक कळकळीची विनंती. डमारालँडमध्ये कुंपणाबाहेर मोकळे फिरणारे काळे गेंडे आहेत. शिकारी अजूनही त्यांच्या मागावर असतात. फोन आणि कॅमेऱ्याचं जीपीएस बंद ठेवा, आणि फोटो टाकताना नदीचं, दरीचं, कॅम्पचं नाव लिहू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवरसुद्धा नाही. दहा जणांच्या ग्रुपमध्ये एकाने जरी जागा सांगितली तरी ती फिरत राहते.

ॲपर्चर११

लेन्सबद्दल. तुमच्याकडे ७० ते १५० ची जागा रिकामी आहे आणि वाळूच्या टेकड्यांचे निम्मे फोटो नेमके तिथेच असतात. टेकडीची धार, सावलीचं वळण, समोर एखादं ऑरिक्स हरीण, हे सगळं ७०-२०० चं काम. डेडव्लेलाही वाइड लेन्सने सुरुवात करू नका. मागे सरका, १०० ते २०० वर या, म्हणजे मागची केशरी टेकडी झाडांच्या अंगावर येते आणि आकाश चौकटीतून निघून जातं. एफ ११, ट्रायपॉड, मोजमाप उजळलेल्या टेकडीवरून. झाडांच्या फांद्या एकमेकींवर चढू नयेत म्हणून दोन पावलं डावी-उजवीकडे सरकत राहा, तिथे खरा वेळ द्या. सावलीतली पांढरी माती निळसर येते, रॉमध्ये काढा आणि व्हाइट बॅलन्स नंतर बघा. ती झाडं सहा-सातशे वर्षांपूर्वी वाळलेली आहेत, हवा इतकी कोरडी की कुजलेली नाहीत. हात लावू नका, बॅग टेकवू नका.

नुसत्या टेकड्यांसाठी ७०-२०० एफ ४ पुरते आणि हलकी पडते. पण ओकाउकुएयोच्या रात्रीच्या पाणवठ्यासाठी एफ २.८ लागते. १५०-६०० तिथे एफ ५ ते ६.३ वर अडकते. एकच भाड्याने घ्यायची तर एफ २.८ घ्या. फोर्टात बोरा बाजारच्या बाजूला आणि अंधेरीत भाड्याने मिळते, मात्र परदेशी न्यायची परवानगी पावतीवर लिहून घ्या. काही जण देशाबाहेर न्यायला देत नाहीत, आणि विमा तर बहुतेकदा देशापुरताच असतो.

रात्रीच्या पाणवठ्यावर: आयएसओ ३२०० ते ६४००, एफ २.८, शटर १/३० ते १/८०, ट्रायपॉड. गेंडा पाणी पिताना बराच वेळ स्थिर उभा राहतो, तेवढ्यात काढायचं. डोकं वर उचलताना काढलेला हमखास हलतो. फ्लॅश अजिबात नको. बाकावर शांत बसा, तिथे कुजबुजही पाण्यापलीकडे पोचते.

एटोशाचं मीठवट (मिठाचं कोरडं सपाट मैदान) सुमारे ४८०० चौरस किलोमीटरचं आहे आणि आसपासची मातीही पांढरी. कॅमेरा फसतो, सगळं करडं काढतो. मागे पांढरं मैदान असेल तर एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन +०.७ ते +१.३ द्या आणि हिस्टोग्राम बघा. सकाळी साडेनऊ-दहानंतर जमिनीवरून गरम हवा उठायला लागते. शंभर मीटर पलीकडचा प्राणी ६०० वर पाणावलेला येतो. लेन्स खराब झाली असं वाटतं, पण दोष हवेचा असतो. त्यावर उपाय एकच, जवळचे विषय घ्या किंवा कॅमेरा खाली ठेवा.

गाडीत ट्रायपॉडचा उपयोग नाही. एटोशात कुंपण असलेल्या कॅम्प आणि ठरावीक थांब्यांखेरीज गाडीतून उतरता येत नाही. बीनबॅगची रिकामी पिशवी न्या, विंडहूकला दोन-तीन किलो तांदूळ घेऊन भरा. शेवटी तो तांदूळ कॅम्पवर कुणाला तरी देऊन टाका.

धूळ. दोन बॉडी आहेत हे तुमचं नशीब. क्रॉपवर १५०-६००, फुल फ्रेमवर ७०-२०० किंवा २४-७०, आणि दिवसा उघड्यावर लेन्स बदलायचीच नाही. बदलावीच लागली तर गाडीत, काचा बंद, एसीचा पंखा बंद, कॅमेरा बंद करून, तोंड खाली. मुंबईच्या दमट हवेत जे कधी जाणवत नाही ते तिथे होतं: हवा कोरडी असल्यामुळे स्थिर वीज साठते आणि धूळ सेन्सरला चिकटून बसते. रोज संध्याकाळी एफ १६ वर कोऱ्या आकाशाचा एक फोटो काढून डाग बघा. आधी रबरी ब्लोअर, तेवढ्याने गेलं नाही तर ओला स्वॅब. डब्यातली दाबाची हवा वापरू नका, तिचा फवारा सेन्सरवर थर सोडतो. झूम रिंगवर वाळू दिसली तर कापडाने पुसू नका. ब्रशने झटका, मग ब्लोअर, मग कापड. उलट क्रमाने केलं की कण रिंगेत जातात आणि झूम करकरायला लागतो.

वाळूत ट्रायपॉडचे सगळ्यात खालचे पाय आधी पूर्ण उघडा. वरचे नंतर, लागतील तेवढेच, म्हणजे लॉक वाळूच्या वर राहतात. किनाऱ्यावर वापरल्यावर गोड्या पाण्याने धुवा.

आणि खडीचे रस्ते. तिकडच्या कच्च्या रस्त्यांवर आडव्या लाटा पडलेल्या असतात. तासन् तास ती थरथर बसली की ट्रायपॉड हेडचे आणि लेन्सच्या पायाचे स्क्रू ढिले होतात. ॲलन की बरोबर ठेवा, कॅमेऱ्याची बॅग डिकीत न टाकता मांडीवर किंवा सीटवर जाड जॅकेटवर ठेवा.

मीरा_बोरिवली

केवढं नेमकं सांगितलंत सगळ्यांनी! टूरवाल्याला फोन केला. सेसरिमला आत जागा दिवाळीत नाही म्हणतो, पण जूनअखेर ते ऑगस्ट एवढ्यात मिळू शकेल. एक रात्र वाढवायलाही तयार आहे. मुलांच्या शाळेचा प्रश्न नाही, आम्ही सगळे मोठेच. मग दिवाळी सोडावी का? आकाशगंगेचे फोटो हा माझा मोठा हट्ट आहे.

वाळवंटी_वाट

हट्ट आकाशगंगेचा असेल तर दिवाळी सोडाच. लक्ष्मीपूजन अमावास्येला म्हणून रात्री काळ्याकुट्ट मिळतील हे खरं, पण नोव्हेंबरच्या सुरुवातीला आकाशगंगेचा मध्यभाग अंधार पडल्यावर दोनेक तासच दिसतो, तोही पश्चिमेला खाली उतरताना. जून-जुलैत तोच भाग संध्याकाळी पूर्वेला वर आलेला असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. मुंबईतून तो दक्षिणेला खाली, धुरकटात रांगताना दिसतो. तिथे पहिल्यांदा बघणाऱ्याला दिशाच कळेनाशी होते. कालनिर्णयात ज्येष्ठ किंवा आषाढ अमावास्या बघा आणि स्पिट्सकोप्पेची रात्र अमावास्येच्या दोन-तीन दिवस मागेपुढे येईल असं सगळं वेळापत्रक त्याभोवती बांधा. दीप अमावास्येच्या आसपासचे दिवस उत्तम.

डेडव्लेमध्ये ताऱ्यांचे फोटो मात्र नेहमीच्या तिकिटावर होत नाहीत. रात्री पार्क बंद असतो, त्यासाठी वेगळी परवानगी आणि सोबत अधिकृत माणूस लागतो. टूरवाला ‘बघू, होऊन जाईल’ म्हणाला तर परवानगी नाही असंच समजा. गडद आकाश खात्रीने हवं तर सेसरिमच्या दक्षिणेला नामिबरँड आहे. खासगी अभयारण्य, २०१२ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह.

हिवाळ्याचा दुसरा फायदा प्राण्यांचा. जून ते ऑक्टोबर कोरडा काळ, पाणी फक्त पाणवठ्यांवर, म्हणून प्राणी तिथे येतातच. नोव्हेंबरात पहिली सर पडली की डबकी भरतात आणि पाणवठे ओस पडतात. ऑक्टोबरमध्ये गर्दी सर्वांत जास्त असते प्राण्यांची, पण पारा ३५ ते ४० आणि हवेत धूळ. जुलैत उलट: पहाटे शून्याच्या आसपास. मुंबईकर इथेच चुकतात, वाळवंट म्हणून सुती कपडे नेतात. उघड्या गाडीत पहाटे कानटोपी, हातमोजे, विंडचीटर लागतोच. बॅटऱ्या थंडीत लवकर उतरतात, जादाच्या आतल्या खिशात अंगाजवळ ठेवा.

दहा रात्री झाल्या तर वाढलेली रात्र डमारालँडला द्या. धनेश यांचं म्हणणं तेवढं मान्य. स्वाकोपमुंडची एकच रात्र राहील, तिचा नीट उपयोग करा. बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, म्हणून सकाळी बहुतेक धुकं असतं. त्या धुक्यावरच तिथले कीटक आणि पाली जगतात. सकाळी शहरामागच्या वाळूत छोट्या जीवांची गाइडेड फेरी घ्या: पेरिंग्वेचा आडवा सरकणारा साप, नामाक्वा सरडा, पडद्याच्या पायाची पाल. साप वाळूत फक्त डोळे वर ठेवून गाडलेला असतो. गाइड दाखवेल तिथेच पाय ठेवा. मॅक्रो नसली तरी २४-७० चालेल. वॉल्व्हिस बेचे फ्लेमिंगो किंवा सँडविच हार्बर यातलं एकच निवडा. सँडविच हार्बरला टेकड्या थेट समुद्रात उतरतात, पण जाणं भरती-ओहोटीवर अवलंबून, आणि हा बेत बहुधा अख्खा अर्धा दिवस खातो.

सेसरिम ते स्वाकोपमुंड साधारण ३५० किलोमीटर, जवळपास सगळी खडी, पाच ते सहा तास. वाटेत सॉलिटेअरला इंधन भरायचंच. ड्रायव्हर दोन स्टेपनी ठेवतो का ते विचारा. आणि खडीवर तो ८० च्या वर जाऊ लागला तर संकोच न करता थांबवा. तिकडे परदेशी पर्यटकांच्या गाड्या उलटतात त्या बहुतेक खडीवरच्या वेगाने आणि अचानक ब्रेक दाबल्याने.

पासपोर्ट_पाकीट

कागदांचं थोडक्यात.

पिवळा ताप: तुम्ही अदिस अबाबावरून जाताय. इथिओपिया पिवळ्या तापाच्या यादीत आहे. नामिबिया तिथल्या विमानतळावर १२ तासांहून जास्त थांबणाऱ्यांकडून लस मागतं. परतताना मुंबईत भारताचा नियम वेगळा आणि कडक आहे. अशा देशातून आलेला आणि प्रमाणपत्र नसलेला प्रवासी सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात जाऊ शकतो. विमान उशिरा झालं, रात्र अदिसला काढावी लागली, तर वाद होऊ शकतो. म्हणून आधीच लस घ्या. मुंबईत ती विमानतळ आणि बंदर आरोग्य कार्यालयांच्या अधिकृत केंद्रांवर मिळते, ठरावीक दिवशीच. प्रमाणपत्र दहाव्या दिवसापासून लागू होतं आणि आयुष्यभर चालतं. एटोशाच्या भागात मलेरिया असतो. कोरड्या हिवाळ्यात धोका कमी, तरी डॉक्टरांना विचारा.

व्हिसा: नामिबियाने एप्रिल २०२५ पासून नियम बदलले. जुन्या ब्लॉगवर विसंबू नका, दिल्लीच्या उच्चायुक्तालयाकडून ताजं उत्तर मेलवर घ्या आणि छापून जवळ ठेवा.

कस्टम्स: सगळ्यांत जास्त लोक हेच विसरतात. मुंबई विमानतळावर जाताना, सामान चेक-इन करण्याआधी, कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट करून घ्या. प्रत्येक बॉडी आणि लेन्सचा सीरियल नंबर त्यात हवा. येताना एवढ्या सामानावर कुणी शुल्क मागितलं तर तोच कागद दाखवायचा. यादी आधीच टाइप करून न्या, बिलांच्या प्रती जोडा. भाड्याच्या लेन्ससाठी मालकाचं पत्र. काउंटरवर वेळ लागतो, नेहमीपेक्षा तासभर आधी पोचा.

बॅटऱ्या: जादाच्या सगळ्या केबिन बॅगेत, टोकांना टेप. पॉवर बँक १०० वॉट-अवरपर्यंत बिनापरवानगी. केबिनचं वजन ७ किलोवर धरतात, म्हणून १५०-६०० गळ्यात किंवा जॅकेटमध्ये. ड्रोन घरी ठेवा, पार्कांत मनाई आहे.

प्लग: तिकडची मोठी तीन पिनांची म्हणजे आपल्या गीझर-एसीची १६ ॲम्पिअरची पिन. ॲडाप्टर विकत घ्यायची गरज नाही, घरचं एक मोठ्या पिनेचं एक्स्टेन्शन बोर्ड न्या, त्यावर चारही चार्जर लागतील. कॅम्पवर सॉकेट कमी असतात. पैसे: नामिबियन डॉलर आणि दक्षिण आफ्रिकेचा रँड एकास एक, रँड सगळीकडे चालतो. पण उरलेले नामिबियन डॉलर तिथेच संपवा, बाहेर कुणी घेत नाही.

ॲपर्चर११

जुलै-ऑगस्टला गेलात तर एक भर. परत याल तेव्हा मुंबईत भर पावसाळा असेल. कॅमेऱ्याची बॅग घरी आल्याबरोबर उघडू नका. गार एसीतून आलेल्या लेन्सवर बाहेरची दमट हवा लगेच बाष्प धरते, आणि वाळूचे कण त्यात भिजून चिकटतात. बॅग बंद ठेवून पंख्याखाली तीन-चार तास, मग ब्रश आणि ब्लोअर, मग ड्राय कॅबिनेट किंवा सिलिका जेलचा घट्ट डबा. फोटो मात्र तिथेच रोज रात्री दोन ठिकाणी उतरवा, एक ड्राइव्ह तुमच्या बॅगेत आणि दुसरी दुसऱ्या गाडीतल्या कुणाकडे तरी.

मीरा_बोरिवली

तारखा आषाढ अमावास्येभोवती मागितल्या आहेत. टूरवाल्याला आजच मेल टाकते: सेसरिमला आतल्या दोन रात्रींचं कन्फर्मेशन, ओकाउकुएयो आणि हलालीचं नावानिशी बुकिंग, गाडीचा फोटो आणि छत उघडतं का, डमारालँडसाठी स्थानिक गाइड, आणि पार्कची फी पॅकेजमध्ये आहे की वेगळी. अजून काही राहिलं असेल तर सांगा.

धनेश_मुलुंड

एकच. तिकडे स्थानिक ऑपरेटर कोण आहे ते लेखी मागा आणि आगाऊ रक्कम आतल्या मुक्कामांचे व्हाउचर हातात आल्यावरच भरा.